आमची वाटचाल: उसाच्या फडाऐवजी कढईतलं तेल

बायोडिझेलच्या धंद्यात उतरताना पहिला प्रश्न कच्च्या मालाचा असतो. २००३ नंतर देशभर मोगली एरंडाचा (जट्रोफाचा), म्हणजे तेलबिया देणाऱ्या झुडपाचा बोलबाला होता. पडीक जमिनीत हेक्टरी अडीच हजार झाडं लावा, पाणी नको, खत नको, असा हिशेब मांडला गेला. झाड पाण्याशिवाय जगतं हे खरं, पण भरघोस बी देत नाही. बी हवं तर पहिली दोन-तीन वर्षं पाणी, छाटणी आणि खत लागतंच, आणि ते द्यायचं तर शेतकरी त्याच पाण्यावर हरभरा का घेणार नाही? शिवाय कागदावरच्या पडीक रानात कुणाची तरी गुरं चरत असतात. म्हणून लागवडीच्या करारांच्या वाटेला आम्ही गेलो नाही.

दुसरं जैवइंधन म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं उसाचं इथेनॉल. त्याचं गणित तर कुणीही करून पाहावं. सुरू (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) उसाला साधारण २५० हेक्टर-सेंटीमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी अडीच कोटी लिटर, पावसाचं धरून. हेक्टरी शंभर टन ऊस आणि टनाला रसापासून ७० लिटर इथेनॉल धरलं, तर एका लिटरमागे साडेतीन हजार लिटर पाणी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात हा आकडा २,८६० लिटर आहे. ठिबकने तो बराच खाली येतो, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर धरणाला काय फरक पडला? मळीपासूनच्या इथेनॉलचं तसं नाही. ऊस साखरेसाठी लावलेलाच असतो, त्यामुळे पाण्याचा भार साखरेबरोबर वाटला जातो. पाऊस कमी पडला की हा तिढा उघड होतो: डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. मक्याला पाणी कमी लागतं, पण तो कोंबड्यांच्या खाद्यातला. भार पाण्यावरून जमिनीवर आणि खाद्याच्या भावावर सरकला, एवढंच.

मुंबईत शेत नाही, कढया मात्र गल्लोगल्ली आहेत. फरसाणवाले, वडापावच्या गाड्या, कँटीन, हॉटेलं. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायला बंदी आहे. मार्च २०१९ पासून रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंदवही ठेवावी लागते आणि जुनं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. आमचा माल तिथून येतो.

काम दिसतं तितकं सोपं नाही. कॅन आला की आधी तळातलं पाणी काढायचं. भजीचा चुरा आणि पिठाचा गाळ तळाशीच असतो. मग गाळायचं आणि ११० अंशांपर्यंत तापवून ओल उडवायची. त्यानंतर टायट्रेशन, म्हणजे तेलातल्या आम्लाची मोजणी: एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, वर ०.१ टक्का कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबथेंब. जितके मिलिलिटर लागले, तितके ग्रॅम कॉस्टिक लिटरमागे नेहमीच्या साडेतीन ग्रॅममध्ये वाढवायचे. तीन मिलिलिटरच्या वर गेलं तर मुक्त स्निग्धाम्लं (तेल खराब होताना सुटणारी आम्लं) अडीच टक्क्यांच्या आसपास आहेत असं समजायचं. तसंच पुढे रेटलं तर साबण होतो आणि बॅच हातची जाते. अशा तेलावर आधी सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करावी लागते. मग मुख्य प्रक्रिया, तेलात मेथॅनॉल आणि कॉस्टिक घालून ढवळायचं: मेथॅनॉल तेलाच्या २० टक्के, तापमान ५५ ते ६० अंश, कारण ६५ अंशांजवळ मेथॅनॉल उकळतं. तासाभराने ढवळणं थांबवून रात्रभर ठेवलं की ग्लिसरीन तळाला बसतं आणि वर बायोडिझेल राहतं.

पाणी इथेही लागतं. लिटरमागे एक-दोन लिटर बायोडिझेल धुण्यात जातं, साबण काढायला. पहिलं धुणं हलक्या फवाऱ्यानेच करायचं. जोरात ढवळलं तर सगळं दह्यासारखं जमतं आणि सुटता सुटत नाही. साबणमिश्रित पाणी सामायिक सांडपाणी केंद्राकडेच जायला हवं, गटारात सोडलं तर पाणी वाचवल्याच्या बाता मारायला नकोत. शेवटी ओल किलोला ५०० मिलिग्रॅमच्या आत आणावी लागते. बायोडिझेलच्या भारतीय मानकाची (आयएस १५६०७) ही अट ढगाळ दमट दिवसांत फार छळते. पामोलीनपासूनचं बायोडिझेल थंडीत गोठू लागतं, ते मुंबईत खपतं, पण नाशिककडे जानेवारीत देताना मिश्रणाचं प्रमाण कमी ठेवावं लागतं.

गिऱ्हाईक विचारतात, मग सगळं डिझेल असंच करा की. तेवढं जुनं तेल नाहीच. भाव चढला की दुसरी गोम: ताजं पामोलीन जुन्या तेलात मिसळून विकणारे निघतात. तसं झालं तर कढईतल्या तेलामागेही इंडोनेशिया-मलेशियातली तोडलेली जंगलं येतात. त्यामुळे कुठल्या दुकानातून किती माल निघायला हवा, हे त्यांच्या रोजच्या तेलखरेदीशी आम्ही ताडून पाहतो. महिन्याला दहा डबे घेणाऱ्याकडून आठ डबे जुनं तेल येऊ लागलं, तर तो माल परत जातो.