डब्लिनच्या रस्त्यांची नावे, वडोदऱ्यातून वाचताना
वडोदऱ्याच्या जुन्या शहराच्या मध्यावरील मांडवीच्या उत्तरेला असलेल्या चांपानेर दरवाजाचे नाव ऐकले, की जुनी वाट कोणत्या गावाकडे जात होती हे आपोआप उमगते. आयर्लंडमधील डब्लिनचा नकाशा पाहताना मला तसाच अनुभव येतो. तेथील फिशॅम्बल स्ट्रीट म्हणजे मध्ययुगीन मासळीबाजाराची गल्ली. मासे केव्हाच गेले, नाव मात्र राहिले. आणि याच गल्लीतील संगीतगृहात १३ एप्रिल १७४२ रोजी संगीतकार हँडेलच्या ‘मसाया’ या संगीतरचनेचा पहिला प्रयोग झाला, याचे मला आजही अप्रूप वाटते. वाइनटॅव्हर्न स्ट्रीटचा अर्थ तर नावातच आहे.

त्याहून मोलाची गोष्ट मुख्य रस्त्याची आहे. इंग्लंडच्या राजाचा प्रतिनिधी असलेल्या लायोनेल सॅकव्हिलच्या नावाचा हा रस्ता, कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढलेल्या डॅनियल ओकॉनेल यांच्या नावे करण्याचा ठराव नगरपालिकेने १८८४ मध्ये संमत केला. परंतु काही रहिवाशांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला, आणि अधिकृत बदलासाठी स्वतंत्र आयर्लंडमधील १९२४ साल उजाडावे लागले. रस्त्याच्या टोकाचा पूल मात्र १८८२ पासूनच ओकॉनेल यांच्या नावाने ओळखला जात होता.