रडवणारं पुस्तक कशाला देता?

"ताई, घरात दुःख कमी आहे का, की आणखी पुस्तकातलं वाचायचं?" वाचनालयातल्या देवघेवीच्या टेबलाशी हे वाक्य मला दर पंधरवड्याला तरी ऐकू येतं. आई गेल्यानंतरची कादंबरी, नवरा गेल्यानंतरच्या आठवणी, असं काहीतरी लोक हातात घेतात, मागचा मजकूर वाचतात आणि हळूच कपाटात परत ठेवतात. "काहीतरी हलकंफुलकं द्या." मी देते. ज्याने जे मागितलं त्याला तेच द्यायचं, हा माझा नेम आहे. पण हाच प्रश्न माझी धाकटी बहीण विचारते, आमचे कार्यवाह विचारतात, आणि परवा अकरावीतल्या एका मुलीने अगदी मनापासून विचारला, "मॅडम, रडायला येणार हे माहीत असूनही लोक अशी पुस्तकं का नेतात?" तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून आज लिहायला बसले.

तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी १९८९ साली लागले. पुस्तक परत करताना कोण काय बोलणार, याचा आता अंदाज येतो. रहस्यकथा असेल तर "मस्त होती" किंवा "शेवटी ओढलीय". प्रवासवर्णन असेल तर "एकदा जाऊन यायला पाहिजे". दुःखाचं पुस्तक परत करणारा मात्र पुस्तकाबद्दल फार बोलत नाही. टेबलावर ठेवतो, पण हात त्यावरून काढत नाही, आणि स्वतःच्या घरातलं सांगायला लागतो.

एक एसटीतून निवृत्त झालेले काका आहेत. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास त्यांची पत्नी गेली. नंतर त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची, म्हणजे कवी ना. वा. टिळकांच्या पत्नीची, 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथा नेली आणि दोनदा मुदत वाढवून घेतली. परत करायला आले ते होळीच्या आधी. "बाई टिळकांना काय काय ऐकवतात हो! आमची हीसुद्धा अशीच, तोंडावर बोलायची," म्हणून हसले. मग गप्प झाले. आणि एकदम म्हणाले, "ताई, सिलिंडर संपतच नाही."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. नवीन सिलिंडर लावला की त्यांची पत्नी कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक खूण करायची. दोघांना तो दीड महिना जायचा. त्याआधी संपला तर "तुम्ही अंघोळीचं पाणी गॅसवर तापवता" म्हणून भांडण. आता दिवाळीत लावलेला सिलिंडर फाल्गुनातही चालूच होता. सकाळचा चहा, रात्रीची खिचडी, एवढ्यावर किती गॅस जळणार? "मी हलवून बघतो अधूनमधून," ते म्हणाले. "हलकाच होत नाही."

'स्मृतिचित्रे'त सिलिंडर कुठून येणार? टिळक १९१९ साली गेले. बाईंच्या आठवणींचा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि १९३६ साली बाईही गेल्या, लिखाण पुरं व्हायच्या आत. पण त्या पुस्तकात वडिलांचं टोकाचं सोवळं आहे, नवराबायकोची भांडणं आहेत, टिळक ख्रिस्ती झाल्यावर काढलेली ताटातुटीची वर्षं आहेत, आणि ते सगळं बाई अशा घरगुती सुरात सांगतात की ऐकणाऱ्यालाही आपल्या घरातली गोष्ट सांगावीशी वाटते. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर खरं म्हणजे हेच आहे. त्या काकांनी पाच महिन्यांत सिलिंडरची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. मुलाला फोनवर काय सांगणार, गॅस उरतोय म्हणून? ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं त्यांना पुस्तक वाचल्यावर वाटलं.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. ज्या पुस्तकांत मरणावर मोठमोठे शब्द असतात, काळ, नियती, पोकळी, ती नुसतीच परत येतात. "चांगलं आहे," म्हणतात आणि जातात. लेखकाने आईच्या औषधांची वेळ लिहिली असेल, तिच्या पत्रातली चूक लिहिली असेल, तर वाचणाऱ्याला आपल्या आईची वेळ आठवते. हे माझं ठाम मत आहे आणि पुस्तकखरेदीच्या बैठकीत मी ते दरवर्षी मांडते.

'श्यामची आई'ला रडकं म्हणायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. लिहिताना आपलं मन भरून आलं, वाचणाऱ्याचंही भरून यावं, हे त्यांनी प्रस्तावनेत उघड सांगितलं आहे. मग त्यावर रडल्याची लाज कशाला? आमच्या वाचनालयात त्याच्या पाच प्रती आहेत. ४२ रात्रींपैकी शेवटच्या चार-पाच रात्रींची पानं पाचही प्रतींत मऊ पडलेली आहेत, कोपरे गोल झाले आहेत. आई गेल्यावर तिची लाडकी मथी मांजरही अन्न सोडते, तिथे एका प्रतीच्या समासात कुणा मुलाने पेन्सिलीने लिहिलंय, "आमच्या वाघ्यानेपण." 'वाघ्या'तला घ आधी ध लिहून मग दुरुस्त केलेला दिसतो. परत आलेल्या पुस्तकावरची पेन्सिल खोडायची, असा आमचा नियम आहे. खोडरबर माझ्या खणातच असतो. ही ओळ मी अकरा वर्षं तशीच ठेवली आहे.

सगळेच हळवे होऊन परत येतात असं नाही. सुनीताबाई देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं, तेव्हा मी इथे नवी होते. लोक नंबर लावून नेत होते आणि चिडून परत आणत होते. "पुलंबद्दल असं लिहितात का?" "घरातलं घरात ठेवावं माणसाने." त्यातल्या एक बाई रागारागाने आल्या, बोलबोल बोलल्या आणि जाताना तेच पुस्तक पुन्हा पंधरा दिवसांसाठी नावावर लावून घेतलं. पुस्तकावर चिडणाऱ्या माणसाची मी तेव्हापासून काळजी घेते. त्याच्याकडे सांगण्यासारखं बहुतेक सर्वांत जास्त असतं.

एकदा माझी चूक झाली. आमच्या एका वाचक बाईंचा तरणा मुलगा अपघातात गेला. महिनाही झाला नसेल, मी एका वडिलांनी मुलावर लिहिलेलं पुस्तक त्यांच्याकडे पाठवलं. चार दिवसांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत आलं. आत चिठ्ठी नव्हती. सी. एस. लुइस या ब्रिटिश लेखकाची गोष्ट सांगतात, ती मला अशा वेळी आठवते. त्याची बायको १९६० साली गेली. पुढच्या वर्षी त्याने त्या दुःखाची टिपणं दुसऱ्याच नावाने छापली. ती त्याचीच आहेत हे माहीत नसलेल्या मित्रांनी धीर मिळावा म्हणून त्यालाच ते पुस्तक वाचायला सुचवलं. माझाही हेतू चांगलाच होता, पण त्या बाईंच्या दारात त्याचा काही उपयोग नव्हता.

पहिले दिवस घराची स्वतःची व्यवस्था असते. सुतक, दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसं, शेजारून येणारे डबे. कितीतरी घरांत तेव्हा गरुडपुराण वाचतात, म्हणजे वाचन तेव्हाही असतंच. पण त्यात गेलेल्याच्या पुढच्या वाटेचं असतं, मागे राहिलेल्याच्या मंगळवारचं नसतं. दोन-तीन महिन्यांनी माणसं यायची थांबतात, नाव निघालं की विषय बदलतात. वाचक माझ्याकडे येतो तो साधारण तेव्हा. आता मी तोपर्यंत थांबते.

माझी आई गेली तेव्हा मीसुद्धा आठ महिने काही वाचलं नाही. रोज शेकडो पुस्तकं हाताखालून जायची, पण पान उलटवत नव्हतं. मग एका रात्री 'स्मृतिचित्रे' कुठूनतरी मधूनच उघडलं आणि मोठ्याने हसले. स्वयंपाकघरातून आमचे हे बघायला आले. झोपण्यापूर्वी मी फ्रिज उघडला. दाराच्या खालच्या कप्प्यात आईची इन्सुलिनची दोन पेनं तशीच होती. बाहेर काढून तारीख पाहिली. मुदत संपून गेली होती. पुसली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

त्या अकरावीतल्या मुलीला मी यातलं सगळं सांगितलं नाही. रडायला येईल का, विचारत होती. म्हटलं, येईल, आणि आलं की मला येऊन सांग कोण आठवलं ते. तिने पुस्तक नेलं आहे, अजून आणलेलं नाही.

काका अक्षय्य तृतीयेनंतर आले. सिलिंडर संपला, नवीन लावला म्हणाले. कॅलेंडरवर तारखेची खूण त्यांनीच केली. पत्नीची पेन्सिल सापडली नाही, म्हणून पेनाने केली, आणि ती शेजारच्या चौकटीत गेली.