बॅटरीसाठी २६ दिवस

वायरवाली सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची विजेवरची करवत, माझ्याकडे सहा वर्षं आहे. १४०० वॉट, १८५ मिलिमीटरचं पातं. दिवसभर १८ मिलिमीटरचा प्लाय कापला तरी दमत नाही. तरीही एप्रिलमध्ये बॅटरीवाली घेतली, कारण कोकणात पावसाआधी छपरांची कामं एकदम अंगावर येतात. आढ्याशी बसून वासा कापताना वायर रिपांत अडकते, हिसका बसला की तोल जातो.

घरी खोका उघडला, तर आत मशीन आणि पातं. बॅटरी नाही, चार्जर नाही. खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं छापलं होतं; दुकानदार मात्र पैसे घेताना एक शब्द बोलला नव्हता. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची (हा आकडा मोठा तितका साठा जास्त) बॅटरी मागितली तर ती शिल्लक नाही. "आठ दिवसांत येईल, मिस्त्री." आठव्या दिवशी एसटीने तालुक्याला गेलो, तर म्हणे माल वाटेत आहे. पुढे फोन उचलणंच बंद. दुसऱ्या कंपनीची बॅटरी खाचेत बसत नाही, म्हणजे दुसरी कुठलीही घेऊन भागवायचीही सोय नाही. तिसऱ्या खेपेला २ अँपिअर-अवरची गळ्यात मारली. ऐनाच्या लाकडाच्या दोन इंची वाशात मशीन मध्येच बंद. थांबून पुन्हा दाबली, पुन्हा बंद. परत करायला गेलो तर "वापरलेली घेत नाही." इकडे ज्यांचं छप्पर उघडं होतं त्या काकू रोज आभाळाकडे बघायच्या. त्यांचं छप्पर शेवटी वायरवरच उरकलं. हवी ती बॅटरी २६व्या दिवशी मिळाली. बुडालेल्या रोजाचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून खोका दुकानातच उघडा, बॅटरी आणि चार्जर बिलात वेगळे लिहून घ्या. जाड लाकडाला ५ची बॅटरीच घ्या, आणि शक्यतो दोन.

प्लाय, फ्लश डोअर (सपाट प्लायचे दरवाजे) यांना मी आजही वायरचीच वापरतो. त्यासाठी एक्स्टेन्शन बोर्डाची केबल २.५ चौरस मिलिमीटरची हवी, बारीक वायर तापते. आणि हो, बॅटरीच्या मशीनला बहुधा लहान, १६५ मिलिमीटरचं पातं असतं. सरळ काप ५५ मिलिमीटरच्या आसपासच खोल जातो. पातं बदलताना आधी बॅटरी काढा, हे विसरू नका. प्लायची चांगली बाजू दोन्ही मशीनवर खालीच ठेवायची, दात खालून वर येतात आणि वरची बाजू उचकटते.

पुढचं छप्पर मात्र बॅटरीवर केलं. आढ्यावर बसलो, वायर कुठेच नाही, दोन्ही पाय घट्ट. पहिला वासा कापला आणि खालून पोरगा म्हणाला, "बाबा, आता सावरून बसता येतंय ना?"