पोरीला अंधशाळेत का नाही घातलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात विचारता, एसटीत विचारता, परवा दवाखान्यातही एका ताईंनी विचारलं. दिसत नाही तर अंधशाळेत का नाही घातलं?

तिला दिसतं. कमी दिसतं. आणि अंग पांढरं दिसतं ते कोड नाही. अल्बिनिझम म्हणतात त्याला. जन्मतःच अंगात रंगद्रव्य फार कमी असतं. डोळ्याचा पडदाही पुरता घडत नाही, बुबुळं हलत राहतात, चष्म्याने फरक पडतो तो थोडाच. उजेड तर सोसतच नाही, आणि अमळनेरकडचं मार्चमधलं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. "पहिल्या बाकावर बसवा" असं सगळेच सुचवतात. पहिला बाक दारासमोर आणि फळा चकचकीत पांढरा असला, की तिथून तिला अक्षरही लागत नाही. दाराकडे पाठ, काळा फळा, जाड खडू. एवढ्यावर तिचं भागतं.

सहावीतली भूगोलाची चाचणी. महाराष्ट्राच्या नकाशात तापी आणि तिच्या उपनद्या दाखवा. या पोरीचं आजोळ तापीकाठचं. मुडावदला पांझरा तापीला मिळते, ते तिने पाण्यात उभं राहून पाहिलंय. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा अशी वरून खालपर्यंत ओळीने नावं सांगते. त्या प्रश्नाला तिला शून्य मिळालं. पेपर घरी आला तेव्हा मी तो ओट्यावर धरून पाहिला. झेरॉक्सची झेरॉक्स. नद्यांच्या रेषा राखाडी, केसाएवढ्या, मध्येच तुटलेल्या. "माय, यामा नदी कोठे शे?" यात नदी कुठे आहे, तिने विचारलं. मलाही दोनदा बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. सर वाईट माणूस नाहीत, हे आधी लिहिते. म्हणाले, "ताई, एवढ्या पोरांत एकीसाठी वेगळा पेपर कसा काढू?" मी म्हटलं, "सर, तोंडी विचारून बघा." त्यांनी विचारलं. तिने मुलताईपासून सुरुवात केली ती थेट सुरतेपर्यंत. सर ऐकत राहिले, मग म्हणाले, "मार्क भरून झालेत." ते शून्य तसंच राहिलं. मी घरी येऊन पुठ्ठ्यावर सुतळीच्या नद्या चिकटवल्या, पण रागाचं काय करायचं ते कळेना. पुढच्या चाचणीला मात्र सरांनी स्वतः काळ्या स्केचपेनने नकाशा गिरवला आणि मोठ्या कागदावर काढून आणला. मागच्या बाकावरची पोरंही तोच मागायला लागली.

तेव्हा मी भांडायचे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा पुढे करायचे, की ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, विषय संपला. पण त्याच कलमात "किंवा पसंतीच्या विशेष शाळेत" असंही आहे. तेव्हा ते मी मोठ्याने वाचत नव्हते. आज वाचते. तिथे गेली असती तर ब्रेल लहानपणीच हाताला बसली असती. आपल्यासारख्याच मैत्रिणी मिळाल्या असत्या. इथे मधल्या सुट्टीत सगळी पोरं उन्हात खेळतात आणि ही व्हरांड्यात बसते. हे मला दिसत नाही असं समजू नका.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, पण मोबाईलवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. प्रत्येक ओळीला बोटाने पान इकडून तिकडे सरकवा. क्लासच्या नोट्स जुन्या फॉन्टमधल्या, फोनला ओळखता येणाऱ्या युनिकोड अक्षरांतल्या नाहीत. फोन त्या मोठ्याने वाचून दाखवायला गेला की नुसती अगम्य बडबड ऐकू येते. यात पोरीच्या डोळ्यांचा काय दोष?

आता दहावी. तीन तासांच्या पेपरला तासभर जादा मिळेल, लेखनिकही घेता येईल. मी म्हणते लेखनिक घे, भूमितीच्या पेपरला मान मोडेल. ती म्हणते, माझं मी लिहीन. तिचे पप्पा म्हणतात, अकरावीला तरी नाशिकला पाठवू. आमच्या घरात अजून एकमत नाही, आणि अर्जाची तारीख जवळ आलीय.