खिशाला हलकं, हाताला जड

रिव्हॉल्वर हलकं असावं असं ते खिशात घेऊन फिरणाऱ्याला वाटतं. उडवणाऱ्याला तसं मुळीच वाटत नाही. दोघंही एकच माणूस असला की भांडण घरातल्या घरात सुरू होतं. आमच्या दाजींचं सध्या तसं चाललंय.

दाजींचा काजूचा कारखाना बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, हिंडलगा ओलांडून पुढं. हंगामात बिया घेऊन चंदगडकडचे, खानापूरकडचे शेतकरी येतात, त्यांना रोख लागते, आणि हिशेब संपायला रात्र होते. म्हणून फार पूर्वी कधीतरी परवाना काढला आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 बोअरचं रिव्हॉल्वर घेतलं. सगळं पोलादी, वजन 700 ग्रॅमच्या घरात. जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्वरच्या धर्तीवरचं, म्हणजे अंगठ्यानं खटका दाबला की नळी पुढं झुकून मधोमध मोडणारं. पूर्ण मोडलं की सहाच्या सहा रिकाम्या पुंगळ्या एकदम उसळून बाहेर पडतात. मला त्या वस्तूतली ही एकच गोष्ट मनापासून आवडते. दाजींना मात्र तिच्या वजनाचाच काय तो अनुभव. पँट उजवीकडं ओघळायची, पट्टा घट्ट केला तर जेवण जायचं नाही, आणि गाडीत बसताना मूठ बरगडीत रुतायची. ताई म्हणायची, "हे चोराला कधी लागणार कुणास ठाऊक, तुम्हाला मात्र रोज लागतंय."

मग दाजींनी दुसरं घेतलं. हलक्या मिश्रधातूचं, आखूड नळीचं, अर्ध्या किलोच्या आसपासचं. खिशात घालून दिवसभर फिरले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "आहे का नाही तेच कळंना बघा."

हलकेपणाचा हा सोस काही बेळगावचा नाही. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचं पाच गोळ्यांचं छोटं .38 रिव्हॉल्वर 1950 साली अमेरिकेतल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत पहिल्यांदा दाखवलं गेलं, म्हणून त्याचं नावच ‘चीफ्स स्पेशल’ पडलं. एरवी सहा गोळ्या, इथं पाच. एक गोळी कमी केली की काडतुसं बसतात ते चक्र बारीक होतं आणि खिशाला फुगवटा येत नाही. ते पोलादी होतं, तरी दोनेक वर्षांत त्यांनाही ते जड वाटायला लागलं आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा झाला. सुरुवातीला चक्रसुद्धा ॲल्युमिनियमचं केलं होतं. ते तडकायला लागलं, तेव्हा मुकाट्यानं परत पोलादावर आले. पुढं टायटॅनियम आलं, 2009 मध्ये रूगर कंपनीनं अर्धा सांगाडा प्लास्टिकचा केला, आणि आज तिकडं पाऊण पौंडाच्या, म्हणजे 340 ग्रॅमच्या रिव्हॉल्वरमधून मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचं, काडतूसही उडवता येतं. येतं म्हणजे काय, तर एक बार काढल्यावर धक्क्यानं चक्रातल्या इतर काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढं सरकून चक्रच अडकायची भीती असते. आपल्याकडं सामान्य परवान्यावर .38 मिळत नाही, .32 वरच भागवायचं. दिल्लीतल्या 2012 च्या निर्भया प्रकरणानंतर, 2014 च्या जानेवारीत कानपूरनंच टायटॅनियम मिश्रधातूचं ‘निर्भीक’ काढलं. अर्ध्या किलोचं, बायकांच्या पर्ससाठी म्हणून, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. पर्समध्ये सव्वा लाखाची वस्तू घेऊन फिरायचं म्हणजे आधी तिच्या राखणीला कुणीतरी हवं, हे ताईचं मत.

दाजींचं नवं प्रकरण मी पाहिलं ते शहराबाहेरच्या रेंजवर. बेळगावात मराठा रेजिमेंटचं केंद्र असल्यामुळं निवृत्त फौजी गल्लोगल्ली आहेत आणि नेमबाजीबद्दल सल्ला फुकट मिळतो. रेंजवर शिकवणारे गृहस्थ निवृत्त सुभेदार. त्यांनी नवं रिव्हॉल्वर हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि पहिली गोष्ट विचारली ती अशी: "करंगळी कुठं ठेवणार?" खरंच, मूठ इतकी आखूड की तीन बोटांत संपते. करंगळी खाली मोकळीच लोंबते, आणि मूठ आवळायचं बरंच बळ तर तिच्यातच असतं.

दुसरी गोष्ट चापाची. अशा छोट्या रिव्हॉल्वरला चुकून बार उडू नये म्हणून वेगळा खटका बहुधा नसतो. चापाचं जडपण हीच काय ती राखण. तो ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. वस्तू अर्ध्या किलोची आणि तिच्यावर बोटाचा जोर तिच्या दहापट. जड रिव्हॉल्वर आपल्या वजनानंच जागेवर बसून राहतं, हलकं बोटाबरोबर चालायला लागतं. चाप मागं येता येता नळीच्या टोकाची नेम धरायची माशी डावीकडं खाली सरकते, आणि नळी इतकी आखूड की माशी केसभर हलली तरी कागदावर बोटभर फरक पडतो.

आधी जुन्यानं बार काढले. सात मीटरवरच्या कागदावर भोकं तळहातात मावतील इतकी जवळजवळ पडली. मग नवं. आवाज वेगळाच, कानावर झाकण असूनही टणकन् डोक्यात जाणारा. आणि धक्का. गोळी तीच, सहा-साडेसहा ग्रॅम शिशाची, आतली दारूही तीच, पण मागं ढकलायला समोर वजन कमी. 700 चे 500 ग्रॅम केले की धक्क्याची ऊर्जा सरळ 40 टक्क्यांनी वाढते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या कातडीवर मूठ येऊन आदळते आणि तळवा, कुदळ खडकावर बसावी तसा, कोपरापर्यंत झिणझिणतो. .32 हे तसं गरीब काडतूस, जुन्यातून उडवताना जाणवतही नाही. मलाही एक चक्र रिकामं केल्यावर आणखी नको वाटलं. कागदावरची भोकं अर्थातच डावीकडं खाली, एकमेकांशी ओळख नसल्यासारखी.

दाजींचा हात जास्त वाईट निघाला. सुभेदारांनी मग एक गंमत केली. दाजींना पाठमोरं उभं करून चक्रात मधेच एक रिकामी पुंगळी घातली आणि रिव्हॉल्वर हातात दिलं. दोन बार निघाले. तिसऱ्याला घोडा नुसताच टक् करून पडला, धक्का नाही, धूर नाही, पण नळीनं मात्र जमिनीकडं चांगली मान टाकली. डोळेही मिटलेले. म्हणजे धक्का यायच्या आधीच हात त्याला भिऊन दबत होता. सुभेदार हसले नाहीत. म्हणाले, "रिव्हॉल्वरचा दोष नव्हं साहेब. हातानं एकदा मार खाल्ला की तो लक्षात ठेवतोय."

मला वाटतं, गोम इथंच आहे. बाळगायला सोपं म्हणून घ्यायचं, उडवायला नकोसं म्हणून सराव करायचा नाही, आणि सराव नाही तर ते बाळगून उपयोग काय? बनवणाऱ्यांनाही हे पुरतं ठाऊक आहे. ही वस्तू हजार वेळा खिशात जाण्यासाठी आणि एकदा बाहेर येण्यासाठी घडवलेली, आणि त्या हिशेबात ती चोख आहे. फक्त त्या एका वेळेची तयारी कुठं करायची, ते डबीवर छापलेलं नसतं.

लपवण्याचं म्हणाल तर ती हौस नव्हे, कायदाच आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणं सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्वर म्यानात आणि पूर्ण झाकलेलं हवं. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद ठेवलीय. तरी काही मंडळींचा शर्ट नेमका कमरेपाशीच वर सरकतो, ते सोडा. खानापूरकडं जंगलाला लागून शेती असलेल्यांच्या ठासणीच्या बंदुकांना असला प्रश्नच नाही. एवढी लांब नळी कुठं लपवणार? आणि रानडुक्कर काही परवाना विचारत नाही.

आमच्या भागात आणखी एक अडचण. परवान्यावर तो कुठपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. दाजींचा कर्नाटकापुरता. आणि धंदा निम्मा पलीकडं. बाचीपर्यंत कर्नाटक, शिनोळीपासून महाराष्ट्र, मधे फक्त रस्ता. हा मुलूख कुणाचा यावर 1956 पासून वाद चालू आहे, 2004 पासून तो सुप्रीम कोर्टात आहे, पण दाजींच्या रिव्हॉल्वरपुरता तो केव्हाच मिटलाय. चंदगडला वसुलीला जाताना, म्हणजे जिथं खरी रोकड हातात येते तिथं, ते कारखान्याच्या तिजोरीत ठेवूनच जायचं. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायचं ते वेगळंच. पावती सांभाळायची, निकाल लागल्यावर पुन्हा खेटे घालायचे. नवं असो की जुनं, ठाण्याच्या कपाटात दोन्हींचं वजन सारखंच.

जुनं विकून टाका असं मी सुचवलं होतं. ते नाही म्हणाले. 2019 नंतर एका माणसाला दोनच बंदुका-रिव्हॉल्वरं ठेवता येतात, तेव्हा दाजींचा कोटा आता भरलाय. खिशात हलकं आणि रेंजवर जड, अशी वाटणी त्यांनी करून टाकलीय. खंडेनवमीला दोन्ही पाटावर असतात, हळदीकुंकू नळीत जाऊ नये म्हणून ताई आधी कागदाचं बूच घालते.

सुभेदारांना ही वाटणी बिलकूल मान्य नाही. जे खिशात, त्याचाच सराव, हा त्यांचा हट्ट. निदान दर खेपेला एक चक्र तरी हलक्यातून काढाच, असं ते परवा पुन्हा बजावत होते. दाजींनी उजव्या हाताचा तळवा त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाले, "काढतो की. पण आधी जुन्यातनं काढतो, मग बघूया काय ओ."