१९ दिवस आणि न बसणारी एक गाठ

गेल्या हंगामात माझं गवत पोटरीत असताना, म्हणजे तुरा अजून पानांच्या आवरणात असताना, कापायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात कापलं ते बी धरायला लागल्यावर. मधले १९ दिवस एका सुट्या भागाच्या वाट पाहण्यात गेले. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. यंदा गवत पुन्हा पोटरीत यायला लागलंय, म्हणून ज्यांच्याकडे लहान शेत आणि जुना बेलर (वाळलेल्या गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र) आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी माझा हिशेब सांगते. कुरण तीन एकर, गायी चार. ४०० किलोची गाय दिवसाला वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास कोरडा चारा खाते, म्हणजे १० किलो. वाळलेल्या गवतातही थोडी ओल असतेच, म्हणून मी १२ किलो धरते. हिरवा चारा नसलेले दिवस १५०. चार गायींना मिळून ७,२०० किलो लागतात. माझा गठ्ठा १८ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे ४०० गठ्ठे झाले, आणि नासाडीसाठी वरचे ४०. हा ४४० चा आकडा मी गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवते. तो डोळ्यांसमोर असला की कामं पुढे ढकलावीशी वाटत नाहीत.

कापणीयंत्राची पाती, ग्रीस, साखळ्यांचा ताण, टायरची हवा, गोठ्याच्या माळ्याची झाडलोट हे सगळं दोन दिवसांत उरकलं. मग बेलर जोडला आणि मागच्या वर्षीचे काही गठ्ठे सोडून त्यांचं गवत चाचणीसाठी आत घातलं. पहिला गठ्ठा बाहेर आला, उजवी सुतळी नीट बांधलेली, डावी मोकळी लोंबत होती. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याला दोन्ही बसल्या, चौथ्याला पुन्हा डावी सुटली.

ज्यांनी बेलर जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गठ्ठा पुरेसा लांब झाला की दाभणासारख्या दोन वाकड्या सुया खालून सुतळी घेऊन वर येतात. वर प्रत्येक सुतळीसाठी एक नॉटर असतो. त्यातली खाचांची चकती सुतळीची टोकं धरून ठेवते. चोचीसारखा हूक एक गिरकी घेतो, सुतळीचा फास स्वतःभोवती गुंडाळतो आणि टोकं चोचीत पकडतो. मग एक दांडा पुढे येतो. त्याच्यावरची सुरी सुतळी कापते आणि तोच दांडा हुकावरचा फास पुसून खाली काढतो. तेव्हा कुठे गाठ आवळली जाते. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत घडतं, त्यामुळे यंत्र चालू असताना कितीही निरखून पाहिलं तरी काही कळत नाही.

मी वर्कशॉपला गेले. खिडकीवरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो यंत्राच्या क्रमांकाचा. मी म्हटलं, डावी गाठ बसत नाही, सुतळीची टोकं मी बरोबर आणली आहेत, जरा बघा. तो म्हणाला, ‘‘नॉटरचा हूक गेला असणार. क्रमांक आणा, मागवून देतो.’’ टोकांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. 

क्रमांकाची पट्टी यंत्रावर होती, पण माझ्या आधीच्या मालकाने सगळ्या यंत्राबरोबर तिलाही रंग फासला होता. घरी येऊन थिनरच्या फडक्याने ती घासली, तरी आकडे दिसेनात. शेवटी तिच्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली, तेव्हा आकडे उमटले. ही युक्ती लक्षात ठेवा, आणि तुमच्या प्रत्येक यंत्राचा क्रमांक आजच वहीत उतरवून ठेवा. माझा त्यात पूर्ण एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी क्रमांक दिला, दोन पानांचा अर्ज भरला, आगाऊ पैसे भरले. चार दिवसांत भाग येईल असं सांगितलं. पाचव्या दिवशी फोन केला तर ‘उद्या’. सहाव्या दिवशीही ‘उद्या’. नवव्या दिवशी मी स्वतः गेले, तेव्हा कळलं की मागणी पुढे गेलेलीच नाही, कारण अर्जाच्या मागच्या पानावर एका चौकटीत सही राहिली होती. ती चौकट भरायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सही नाही हे नऊ दिवसांत कुणी कळवलंही नाही. मी तिथेच सही केली. तेव्हा तो म्हणाला, ‘‘ताई, पुढच्या वेळी घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा, म्हणजे यंत्राचं नीट सांगता येईल.’’ तो बेलर मी सहा हंगाम चालवते आहे. मी त्याला तसं सांगितलं आणि पोचपावतीवर तारीख घालून मागितली. तेव्हापासून कुठलाही अर्ज देताना मी आधी विचारते, ‘‘यात काही राहिलंय का, आत्ताच तपासून सांगा,’’ आणि तपासून होईपर्यंत खिडकीवरून हलत नाही.

या दिवसांत कुरणाकडे बघवत नव्हतं. गवत पोटरीत असतं तेव्हा पाला भरपूर असतो, कांडं कोवळं असतं, आणि चाऱ्यात प्रथिनं चांगली असतात. निसवायला लागलं, म्हणजे तुरा बाहेर पडायला लागला, की दिवसागणिक कांडं जरड होत जातं. भार वाढतो, म्हणून बघणाऱ्याला पीक जोमदार वाटतं, पण गायीच्या पोटात जाणारा कस कमी होत जातो. बाराव्या दिवशी आभाळ स्वच्छ झालं. सलग पाच दिवसांची उघडीप, वारा कोरडा. अशी उघडीप मिळावी म्हणून आपण वर्षभर वाट बघतो. शेजारच्या भाऊंनी त्यांचं सगळं गवत त्या पाच दिवसांत कापून, वाळवून, रचूनही टाकलं. त्यांचा बेलर मागता आला असता, पण त्यांचंच काम चालू होतं, आणि त्यांनी तो मोकळा केला त्या संध्याकाळी पाऊस आला.

मी त्या उघडिपीत अर्धा एकर कापून घेतला आणि न बांधता सुटंच गवत माळ्यावर चढवलं. चारा उत्तम निघाला. सुट्या गवताला जागा मात्र खूप लागते, तेवढ्याने माळ्याचा तिसरा हिस्सा भरला. बाकीचं तसंच उभं ठेवावं लागलं.

एकोणिसाव्या दिवशी हूक आला. त्याच दुपारी बसवला. जुनं गवत आत घातलं, आणि डावी सुतळी पुन्हा मोकळी.

त्या क्षणी मला रडू आलं, हे लपवत नाही. मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. ट्रॅक्टर बंद केला, किल्ली काढून खिशात ठेवली, पीटीओचा दांडा (ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा) सोडवला आणि फ्लायव्हील, म्हणजे बेलरचं जड चाक, पूर्ण थांबल्याची खात्री केली. मग बांधणी सुरू करणारी कळ हाताने सोडली आणि फ्लायव्हील चालण्याच्या दिशेने हळूहळू हाताने फिरवायला लागले. एक फेरा, थांबायचं, बघायचं. पुन्हा थोडं पुढे. या कामात बोटं नॉटरमध्ये किंवा सुयांच्या वाटेत कधीही घालू नका. हाताने फिरवतानाही त्या यंत्रात भरपूर जोर असतो.

माझ्याकडे एक नमुना होताच, तो म्हणजे उजवा नॉटर. तो बिनचूक गाठ मारत होता. मी दोन्हीकडे एकेक पायरी ताडून बघत गेले. सुई दोन्हीकडे सारखी वर आली. चकतीने सुतळी दोन्हीकडे सारखी धरली. हुकाने दोन्हीकडे गिरकी घेतली, फास पडला. मग सुरीचा दांडा पुढे आला. उजवीकडे तो हुकाच्या पाठीला घासून गेला. डावीकडे मध्ये फट होती, तिच्यातून मी कागद सरकवू शकले. दांडा हुकाला टेकतच नव्हता, त्यामुळे फास पुसला जात नव्हता आणि गाठ हुकावरच अडकून राहत होती. पुढचा गठ्ठा सरकला की ती ताणाने तुटायची. पहिल्या दिवशी मी खिडकीवर नेलेल्या टोकांना अर्धवट गाठीचे तुटके तंतू होते. त्याचा अर्थ हाच होता. नवा हूक मागवायची गरजच नव्हती.

दांडा काढून मी दुसऱ्या एका लहान दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो किंचित वाकवला, सुरीला धार लावून दिली. अर्धा तास लागला. बसवल्यावर सलग बारा गठ्ठे, चोवीस गाठी, सगळ्या घट्ट. त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा अभिमान वाटला तेवढा क्वचितच वाटतो.

म्हणून, गाठ बसत नसेल तर आधी सुटलेल्या सुतळीची टोकं उचलून बघा. गाठ पडून तुटली असेल तर ती हुकावर अडकते आहे, म्हणजे दांडा घासत नाही किंवा हुकाच्या चोचीची स्प्रिंग फार आवळलेली आहे. गाठ पडलीच नसेल तर स्प्रिंग फार सैल आहे का, किंवा चकतीतून सुतळी निसटते आहे का, ते तपासा. स्प्रिंग फिरवायची झाली तर एका वेळी थोडीच, आणि आधी ती कुठे होती त्याची खडूने खूण करून. शीअर बोल्ट, म्हणजे जोर फार आला की स्वतः तुटून यंत्राला वाचवणारा बोल्ट, तुटला तर त्याच मापाचा आणि त्याच प्रतीचा बसवा. अधिक कडक बोल्ट घातला तर तो तुटत नाही, त्याच्याऐवजी यंत्र तुटतं.

पुढची कापणी, वाळवण, बांधणी सुरळीत झाली, पण दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. ताज्या गवतात ७५ ते ८० टक्के पाणी असतं आणि लहान गठ्ठा बांधताना ते १८ टक्क्यांच्या आसपास यायला हवं, २० च्या वर नकोच. मी हाताने पिळून बघते, कांडं नखाने खरवडून साल सुटत नाही ना ते बघते, आणि तरीही मनात शंका असली तर मायक्रोवेव्ह वापरते. १०० ग्रॅम गवत बारीक कापायचं, शेजारी अर्धा कप पाणी ठेवायचं, आधी दोन मिनिटं आणि मग अर्ध्या अर्ध्या मिनिटाने तापवून प्रत्येक वेळी वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे टक्के ओल. तापवताना तिथून हलायचं नाही. लसूणघास असेल तर पलटणं आणि ओळी घालणं सकाळी, दवाने पाला मऊ असतानाच करा. दुपारी केलं तर पाला झडतो आणि हातात नुसत्या काड्या उरतात.

दुसरी गोष्ट माळ्याची. उशीर झाल्यामुळे मी घाईत होते आणि शेवटचे साठेक गठ्ठे थोडे ओलसर चढले. ते वेगळे रचले, मध्ये हवेला जागा सोडली, आणि लोखंडी नळीतून थर्मामीटर आत सोडून दोन आठवडे रोज बघत राहिले. ५५ अंशांच्या वर गेलं की दिवसातून दोनदा तरी बघायचं. ६५ च्या पुढे गठ्ठे सुटे करून बाहेर काढायला लागायचं. ८० च्या आसपास पोचलं तर हात लावायचा नाही, आधी अग्निशमन दलाला बोलवायचं, कारण हलवल्यावर हवा मिळून गंजी पेट घेते. माझं ४८ पर्यंत चढलं आणि उतरलं. त्या दोन आठवड्यांत मला धड झोप लागली नाही.

दारावरच्या ४४० पैकी सुटं गवत धरून ४१० भरले. गवत जरड, गायी कांडी बाजूला सारून पाला वेचायच्या, दूधही कमी झालं.

या वेळी मी वीस जुने गठ्ठे चाचणीसाठी बाजूला ठेवले होते. तीन आठवड्यांपूर्वी बेलर जोडला, फ्लायव्हील हाताने फिरवून दोन्ही नॉटर पाहिले, डाव्या दांड्याखाली कागद घालून पाहिला, तो सरकला नाही. काल संध्याकाळी पुन्हा दहा गठ्ठे बांधले. वीसच्या वीस गाठी बसल्या आहेत. परवापासून उघडीप दिसते आहे, दव उतरलं की खालचा तुकडा कापायला घेते.