बेटाची कोणती बाजू?

हॉटेलचे फोटो बघून बेट ठरवायला माझा सक्त विरोध आहे. घरच्या ग्रुपवर मात्र तेच चाललंय. ताई एक निळंशार पाणी टाकते, भावोजी दुसरं टाकतात, पोरं सगळ्यालाच बदाम देऊन मोकळी होतात. प्रत्येक फोटोत आकाश तेच, वाकडा नारळही तोच. फोटो कुठल्या महिन्यात आणि बेटाच्या कुठल्या अंगाला काढलाय, हे कोणी लिहीत नाही. मला तर आधी तेवढंच हवं असतं.

ताईला रजा मिळणार ती ऑगस्टमध्ये. तेव्हा नैर्ऋत्य मोसमी वारे ऐन भरात असतात, म्हणजे अंदमान, मालदीव आणि फुकेतवर सरळ फुली. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या दिवसांत लाल बावटे लागतात. पाणी वरून छान दिसतं, पण माणसाला आत ओढून नेतं. गंमत म्हणजे थायलंडचंच कोह सामुई आखातात, पलीकडच्या बाजूला आहे आणि तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्यामुळे ‘थायलंडला कधी जावं?’ असं कोणी विचारलं की मी आधी ‘कुठे?’ असं विचारते.

भावोजींचं मत मॉरिशसला. ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो आणि आग्नेयेकडून येणारा वारा पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतो. पतंगाला लटकून लाटांवर पळणाऱ्यांची चंगळ, पण पुस्तक घेऊन पसरणाऱ्यांच्या डोळ्यांत वाळू. पश्चिमेचा फ्लिक-आं-फ्लाकचा किनारा डोंगरांच्या आडोशाला, म्हणून कोरडा आणि निवांत. डोंगराळ बेटावर हे असंच असतं. वाऱ्याच्या अंगाला ढग अडतात, आडोशाच्या अंगाला ऊन. हवाईतल्या कवाई बेटावरचं वायालेआले शिखर जगातल्या सगळ्यात ओल्या जागांमध्ये गणलं जातं, आणि त्याच बेटाचा पश्चिम किनारा कोरडा. मालदीवची बेटं इतकी सपाट की तिथे आडोसा शोधण्यात काही अर्थच नाही.

माझा जीव मात्र झांझिबारवर होता. जून ते ऑक्टोबर तिथे पाऊस कमी. मी उपग्रहाचा नकाशा उघडला आणि पूर्व किनारा मोठा करून बघत बसले. किनाऱ्यापासून बरीच लांब फेसाची पांढरी रेघ, ती प्रवाळाची कड. रेघेच्या अलीकडे फिकट हिरवट पट्टा आणि त्यात गडद चौकोन, आखून काढल्यासारखे. ती समुद्री शेवाळाची शेती. तिथल्या बायका ओहोटीच्या वेळी चालत जाऊन ती करतात. जिथे बायका चालत जाऊन शेती करतात, तिथे मी ओहोटीला पोहणार कशात? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे दिवस, म्हणजे हा फरक कमी असतो ते, त्यातल्या त्यात बरे. उत्तर टोकाला, नुंगवीला, पाणी इतकं मागे हटत नाही, तेव्हा झांझिबार अगदीच बाद नव्हतं. पण सासूबाईंची अट आड आली. त्यांना पोहायचं नाहीये. ‘मला कंबरभर पाण्यात बसायचंय, आणि लाटेने पाडलं नाही पाहिजे,’ एवढंच. किनाऱ्याची परीक्षा घ्यायला याहून नेमकी कसोटी मला अजून सापडलेली नाही.

त्या कसोटीला उतरला श्रीलंकेचा पूर्व किनारा. ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येला, बेंटोटा, मिरिस्साच्या बाजूला समुद्र खवळलेला असतो, पण मधले डोंगर ओलांडले की त्रिंकोमालीकडे ऊन आणि शांत पाणी. भरती-ओहोटीचा फरकही तिथे मीटरभरसुद्धा नसतो. निलावेलीचा किनारा नक्की केला. समोरच पिजन आयलंड आहे, तिथे भाच्याला नळी लावून प्रवाळ बघता येईल आणि नशिबात असेल तर काळ्या टोकाच्या परांचे शार्कही. (ताई, हे शार्क माणसाच्या वाटेला जात नाहीत. चौथ्यांदा सांगतेय.)

राहायच्या जागांचे अभिप्राय मी फक्त ऑगस्टमधले वाचते. बाकीच्या महिन्यांतले पाच तारे माझ्या काय कामाचे? निलावेली पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्य समुद्रातून उगवणार आणि मावळणार आपल्या पाठीमागे. ताईला समुद्रात बुडणाऱ्या सूर्यासोबत फोटो हवेत. ते होणार नाही, हे मी आत्ताच सांगून टाकलंय. सामानात सगळ्यांसाठी पूर्ण बाह्यांचे पोहायचे टी-शर्ट. पाण्यात पालथं तरंगताना पाठ भाजते आणि गारव्यामुळे ते कळतही नाही. उरलेल्या अंगाला झिंक ऑक्साइडचं क्रीम. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून प्रवाळ वाचवण्यासाठी बंदी घातली, तेव्हापासून मी डबीमागची बारीक अक्षरं वाचते.

अडचण एकच. विमान उतरतं पश्चिमेला आणि आम्हाला जायचंय पूर्वेला. गाडीने सहा-सात तास सहज. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी वाटेत दांबुल्लाला एक मुक्काम धरलाय. भावोजी इतके दिवस ‘तुम्ही ठरवा, मी येतो’ म्हणत होते. श्रीलंकेत पौर्णिमेला पोयाची सुट्टी असते आणि त्या दिवशी दारूविक्री बंद असते, हे मी ग्रुपवर टाकलं मात्र, दहा मिनिटांत त्यांनी पौर्णिमा टाळून नव्या तारखा पाठवल्या.